संगणक सुरू होत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या शाळेत जाण्याचा योग आला. ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली तीच ही शाळा. आता इमारत पक्की झाली आहे, भिंतींवर चित्रे रंगविली आहेत, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीला लागून संगणकाची एक लहानशी खोली आहे. मी सहज आत डोकावलो. टेबलावर संगणक होता. त्यावर भरतकाम केलेला सुरेख रुमाल घातला होता, आणि रुमालावर धूळ साचली होती.

"बाई, मुलं यावर बसत नाहीत का?" मी विचारले.

"कुठली बसतात, सर! बिघडलाय तो. सव्वा वर्ष झालं. वर दोनदा कळवलंय. आम्ही आपले हात लावत नाही. आणखी काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

सव्वा वर्ष! म्हणजे सातवीचा एक अख्खा वर्ग संगणकाला बोट न लावता शाळेतून बाहेर पडला. बाईंची परवानगी घेऊन मी रुमाल काढला आणि बटण दाबले. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मग टेबलाखाली वाकून पाहिले. संगणकाची आणि पडद्याची, दोन्ही वायरी यूपीएस नावाच्या काळ्या पेटीत खोचलेल्या होत्या. वीज गेल्यावर पाच-दहा मिनिटे संगणक चालू ठेवते ती ही पेटी. तिच्या आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. आणि ती पुरती बसली की पुष्कळशा यूपीएस भिंतीतून वीज येत असूनही सुरू होत नाहीत. मी दोन्ही वायरी यूपीएसमधून काढून भिंतीवरच्या बोर्डात लावल्या आणि पुन्हा बटण दाबले. आतला पंखा घुरघुरला. दोन-तीन मिनिटांत पडदा उजळला. दारात मुलांची गर्दी झाली होती; त्यांनी टाळ्या पिटल्या.

त्या टाळ्यांनी मला आनंद झाला नाही, खरे सांगायचे तर वाईटच वाटले. मी विशेष असे काहीच केले नव्हते. जे मी केले ते त्या शाळेतल्या कोणालाही पहिल्याच दिवशी करता आले असते. अडचण ज्ञानाची नव्हती, भीतीची होती. म्हणून आज मी आपल्याशी याच विषयावर बोलणार आहे. टेबलावरचा संगणक सुरू झाला नाही तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे थांबावे, एवढेच सांगावयाचे आहे.

मी काही इंजिनिअर नव्हे. मी मराठीचा प्राध्यापक. परंतु गेली वीसएक वर्षे हे यंत्र वापरीत आलो आहे, आणि जे शिकलो त्यातले काही चांगलीच किंमत मोजून शिकलो आहे. ती हकीकत पुढे सांगेन.

आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर मोटार आहे. मोटारीने पाणी दिले नाही तर शेतकरी काय करतो? 'मोटार बिघडली' म्हणून रुमाल झाकून स्वस्थ बसतो काय? मुळीच नाही. तो आधी लाइट आहे की नाही ते पाहतो. मग फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, तीनपैकी एखादा फेज गेला आहे काय ते पाहतो. पण मोटार फिरते आहे आणि पाणी मात्र येत नाही असे असेल, तर तो फ्यूजकडे ढुंकूनही पाहत नाही. थेट फुटव्हॉल्व्हकडे जातो. 'मोटार फिरत नाही' आणि 'मोटार फिरते पण पाणी येत नाही' हे दोन निराळे रोग आहेत, हे त्याला पक्के ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीतही नेमके हेच करावयाचे आहे.

'संगणक सुरू होत नाही' हे वाक्य 'पोटात दुखतं' या वाक्यासारखे आहे. वैद्य लगेच विचारतो, कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं. तसे आपणही विचारले पाहिजे. त्यासाठी संगणक जागा कसा होतो हे थोडक्यात समजून घेऊ.

आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टांची. संगणकाच्या आतल्या नाजूक भागांना एवढा दाब सोसत नाही. म्हणून पेटीच्या मागच्या बाजूस एक पत्र्याचा डबा बसविलेला असतो. दुरुस्तीवाले त्याला एसएमपीएस म्हणतात. तो या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टांची, बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज तयार करतो आणि मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीला व इतर भागांना पुरवितो. मदरबोर्डवर एका चिपमध्ये कायमची लिहून ठेवलेली एक लहान आज्ञावली असते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. ती म्हणजे शाळेचा शिपाई समजा. शिपाई सर्वांच्या आधी येतो, कुलूप काढतो, वर्गांतून एक चक्कर मारतो, सगळे जागच्या जागी आहे ना ते पाहतो, आणि मुख्याध्यापक आले की शाळा त्यांच्या स्वाधीन करतो. ही आज्ञावली तसेच करते. प्रोसेसर, रॅम, पडदा, की-बोर्ड यांची हजेरी घेते, मग हार्ड डिस्कवर झोपलेल्या विंडोज या मुख्य आज्ञावलीला उठविते आणि कारभार तिच्या हाती देते.

म्हणजे पायऱ्या झाल्या चार: वीज, हजेरी, डिस्क आणि विंडोज. संगणक यांपैकी कोणत्या पायरीवर अडला एवढे ओळखले की निम्मे काम झाले. आणि ते ओळखण्यासाठी हत्यार लागत नाही. डोळे आणि कान पुरतात.

आता पहिली पायरी. बटण दाबले आणि काहीच झाले नाही. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही. येथे संशय विजेच्या वाटेवर घ्यावयाचा, आणि ही वाट भिंतीपासून पेटीपर्यंत चालत यायची. ज्या बोर्डात वायर लावली आहे त्यात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. चार्जर चालला तर बोर्ड ठीक. मध्ये यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो वगळून संगणक सरळ भिंतीला लावून पाहा. वायर पेटीच्या मागे घट्ट बसली आहे काय ते पाहा; झाडलोट करताना ती निम्मी बाहेर आलेली असते, आणि वरून पाहता बसलेलीच दिसते. बहुतेक मॉनिटरांची वायर पेटीच्या वायरीसारखीच असते, तेव्हा दोघांची अदलाबदल करून पाहावी. वायरच तुटली असेल तर लगेच कळेल.

एसएमपीएसच्या मागच्या बाजूस पुष्कळदा एक लहान बटण असते. त्यावर एका बाजूस उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस शून्य असते. रेघेची बाजू दाबलेली असली म्हणजे चालू. मुलांच्या हातून ते बंद झालेले मी पाहिले आहे. जुन्या यंत्रांत तेथेच एक लाल सरकते बटण असते, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. ते आपल्याकडे २३० वरच असले पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली तर डबा जळतो. त्याला कोणी हात लावू नये.

एवढे करूनही यंत्र मुके असेल तर एक सोपा उपाय करावा. भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी, आणि मग संगणकाचे पुढचे बटण वीसएक सेकंद दाबून धरावे. वीज नसताना बटण दाबून काय होणार, असे आपणांस वाटेल. पण आतल्या भागांत थोडी वीज साठून राहते आणि ती कधी कधी यंत्राला गोंधळात पाडते. बटण दाबून धरल्याने ती निघून जाते. मग पुन्हा वायर लावून पाहावे. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावांतून या उपायाचा गुण मी अनेकदा पाहिला आहे.

तरीही काही हालचाल नसेल, तर एसएमपीएस गेला असण्याचा संभव अधिक. तो बदलता येतो. पण हे नीट ऐका हं. तो डबा उघडायचा नाही. बाकीची पेटी, वायर काढून ठेवल्यावर, उघडली तरी चालते. परंतु या डब्यात तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची वीज साठून राहू शकते, वायर काढल्यानंतरही काही वेळ राहू शकते, आणि ती माणसाला इजा करू शकते. जळका वास आला, ठिणगी दिसली, तर भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि तेथेच थांबावे. यापुढचे काम कारागिराचे.

दुसरी पायरी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच. मोटार फिरते, पाणी येत नाही, तसा हा प्रकार. येथे वीज शोधण्यात वेळ घालवू नये. प्रथम पडदा पाहावा. मॉनिटरला स्वतःची निराळी वायर आणि निराळे बटण असते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे उमटली, तर मॉनिटर जिवंत आहे. तो म्हणतो आहे की मला पेटीकडून निरोप मिळत नाही. अशा वेळी दोघांना जोडणारी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलीत पंधरा बारीक पिना असतात. एखादी वाकली असेल तर पाहून घ्यावी. जोर करू नये.

मग की-बोर्डवरचे 'कॅप्स लॉक' हे बटण दाबून पाहावे. त्याचा लहान दिवा लागतो-विझतो काय? तसे होत असेल तर संगणक आत बहुधा जागा आहे, फक्त त्याचे तोंड दिसत नाही. दिवा हलत नसेल तर हजेरीतच कोणीतरी गैरहजर आहे. काही यंत्रे अशा वेळी शिट्टीसारखा 'बीप' आवाज काढतात. एक आखूड बीप आणि पुढे सारे सुरळीत, ही पुष्कळ यंत्रांत खुशालीची खूण. पण तेच तेच बीप पुन्हा पुन्हा येऊ लागले तर तक्रार आहे, आणि ती बहुतेक वेळा रॅमची असते. प्रत्येक कंपनीची बीपांची भाषा निराळी असते, म्हणून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका फेकू नये. नव्या यंत्रांपैकी पुष्कळांना आवाजच नसतो. काहींच्या मदरबोर्डवर त्याऐवजी बारीक दिवे लागतात.

रॅम म्हणजे पातळ हिरवी किंवा काळी पट्टी. संगणक चालू असताना तो ज्या पाटीवर लिहितो-पुसतो ती ही पाटी. तिच्या एका कडेला सोनेरी दातांची ओळ असते. कोकणातल्या दमट हवेने किंवा देशावरच्या धुळीने या दातांवर सूक्ष्म थर बसतो, आणि तेवढ्याने सारा संगणक अडून बसतो. उपाय असा. वायर काढावी. बटण दाबून उरलीसुरली वीज घालवावी. पेटीची बाजूची झडप, मागचे दोन स्क्रू काढून, बाजूला सरकवावी. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट लावावे, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीज निघून जाते. नायलॉनचे कपडे काढताना चटचट आवाज होतो ना, तीच ही वीज. रॅमला ती मारक असते. मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या कळा बाहेर दाबाव्या, पट्टी वर येते. सोनेरी दातांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, रबराचा कचरा मऊ कापडाने काढावा, आणि पट्टीतली खाच खोबणीतल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोके 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. एक गेली असेल तर दुसरीवर संगणक चालतो.

पेटी उघडलीच आहे तर आत टॉर्चने पाहून घ्यावे. उंदराने कुरतडलेली वायर, पालीची अंडी, मुंग्यांचे वारूळ, यांतले काहीही खेड्यातल्या संगणकात सापडू शकते. यात हसण्यासारखे काही नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क-२ नावाचा अवाढव्य संगणक अडला. तंत्रज्ञ क्रमाक्रमाने शोधीत गेले तेव्हा, विजेने उघडझाप करणाऱ्या एका कळीत, दिव्यावर येतो तसा एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो काढला आणि फेकून न देता नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून शेजारी नोंद केली. बिघाडाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच. त्या दिवशी मात्र खरोखरीचा किडा सापडला. ते पान आजही अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपलेले आहे. या नोंदवहीची आठवण ठेवा. शेवटी मी तिच्याकडे येणार आहे.

आता तिसरी पायरी. पडदा उजळतो, पांढऱ्या अक्षरांत एखादी इंग्रजी ओळ येते आणि संगणक तेथेच थांबतो. बहुधा त्या ओळीत 'नो बूटेबल डिव्हाइस' असे काहीसे असते. अर्थ असा की हजेरी झाली, पण मुख्याध्यापक सापडत नाहीत. शिपाई दारात उभा आहे.

मघाशी सांगितलेली हकीकत येथली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. सुट्टीत घरी गेलो की ती सांगे आणि मी उतरवून घेई. अशा दोनशेवर ओव्या मी संगणकात टाइप करून ठेवल्या होत्या. कागद पुढे कोठे गेले ते गेले. संगणकात आहेत ना, म्हणून मी निर्धास्त होतो. एके दिवशी यंत्र सुरू होईना. काळ्या पडद्यावर तीच एक ओळ. मी घाबरलो, दुरुस्तीवाल्याला फोन केला आणि निदानही मीच करून टाकले. म्हटले, "विंडोज उडालं बहुतेक." सगळ्या वायरी काढल्या, मागे खोचलेला एक पेन ड्राइव्ह काढून खणात टाकला, आणि पेटी त्याच्या दुकानात नेऊन दिली. त्याने ती सुरू करून पाहिली की नाही देव जाणे. "नवीन टाकून देतो, सर," तो म्हणाला. मी "टाका" म्हटले. आत काय आहे ते त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. संध्याकाळी संगणक नव्यासारखा सुरू झाला, आणि आतून अगदी कोरा होता.

पुढच्याच आठवड्यात तोच पेन ड्राइव्ह मी मागे लावला, काम केले, विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ! पेन ड्राइव्ह काढला, ओळ गेली. तेव्हा उलगडा झाला. काही यंत्रांत, विशेषेकरून जुन्या, शिपाई आधी पेन ड्राइव्हपाशी चौकशी करतो. तेथे मुख्याध्यापक नसले की पुढे न जाता तेथेच अडून बसतो. माझी डिस्क धडधाकट होती. विंडोज जागेवर होते. ओव्याही जागेवर होत्या. गेल्या त्या माझ्या घाईने.

आई आता पंचाहत्तरीत आहे. पुन्हा सांग म्हटले तर सांगते, पण निम्म्याशिम्म्या तिला आठवत नाहीत. "तेव्हा सांगितल्या होत्या ना रे तुला," असे म्हणते.

म्हणून श्रोतेहो, तिसऱ्या पायरीवर पहिली गोष्ट ही, की पेन ड्राइव्ह, सीडी, जे काही बाहेरून लावलेले असेल ते काढून पुन्हा सुरू करून पाहावे. दुसरी, वीज बंद करून हार्ड डिस्कच्या दोन वायरी घट्ट आहेत काय ते पाहावे. तिसरी, कान देऊन ऐकावे. फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कमधून 'टक्-टक्' असा ठराविक आवाज येत असेल तर डिस्क आजारी आहे. मग पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये; दर खेपेस आतली माहिती अधिक धोक्यात येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीवाल्याला यंत्र देताना स्पष्ट शब्दांत सांगावे, शक्य तर लिहून द्यावे: "आतल्या फायली पाहिजेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." विंडोज उडाले तरी फायली उडत नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्ससारखी आज्ञावली चालविली, तर त्या पुष्कळदा सुखरूप उतरवून घेता येतात.

याच पायरीवर एक लहानसा रोग आढळतो. पडद्यावर तारीख-वेळ चुकल्याची तक्रार येते आणि 'एफ १' दाबा अशी सूचना येते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की संगणक भलत्याच जुन्या तारखेत जागा होतो. गावच्या शाळेतल्या त्या यंत्राचेही तसेच झाले होते. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या कित्येक जागा उघडत नाहीत, शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येत नाहीत, आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. या सेलावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळवाल्याकडे तो थोडक्या पैशांत मिळतो. जुना सेल बरोबर घेऊन जावा, आणि नवा बसविताना अधिक खुणेची बाजू वर ठेवावी. हे नाणे लहान मुलांच्या हाती मात्र कधी पडू देऊ नये. गिळले तर ते आतून भाजते आणि जिवावर बेतते.

चौथी पायरी. विंडोजची खूण दिसते, गोल फिरत राहते, आणि पुढे काही होत नाही. किंवा यंत्र पुन्हा पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होते. येथे पहिले औषध धीर. वीज अचानक गेलेली असेल तर संगणक डिस्क तपासत असतो, किंवा अर्धवट राहिलेली दुरुस्ती पुरी करीत असतो. जुन्या यंत्रावर यास तासभरही लागतो. टक्क्यांचा आकडा सावकाश का होईना पुढे सरकत असेल तर बटणाला हात लावू नये. अजिबातच हालत नसेल तर, विंडोज १० आणि ११ मध्ये, लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होणे फसले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' निवडावे. त्याने भागले नाही तर 'सेफ मोड' आहे. त्यात संगणक अगदी जरुरीपुरत्या सामानानिशी उठतो, आणि नुकताच टाकलेला एखादा प्रोग्राम काढून टाकता येतो. त्याच यादीत पुढे सारे नव्याने बसविण्याची सोय असते. तेथे दोन वाटा दिसतात: 'कीप माय फाइल्स', म्हणजे माझ्या फायली ठेवा, आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग', म्हणजे सर्व पुसा. दुसऱ्या वाटेने जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

संगणक सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत अचानक बंद पडत असेल तर तो विंडोजचा दोष नसण्याचा संभव आहे. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने भरला की उष्णता बाहेर जात नाही, आणि यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. वीज काढून, पंखा बोटाने धरून ठेवून, मऊ ब्रशने धूळ काढावी.

आता पेटीला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ शाळांतून ऐकू येते. त्याकडे दुर्लक्ष करू नये. एसएमपीएसमधून थोडीशी वीज पेटीच्या पत्र्यावर येते, आणि प्लगच्या तिसऱ्या जाड पिनेतून ती जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंग नसेल, किंवा कोणी ती पिनच कापली असेल, तर ती वीज आपल्या बोटातून वाट काढते. आज झिणझिण्या आहेत. आत काही बिघडले तर उद्या मोठा धक्का बसेल. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे. तोवर मुलांना तेथे बसवू नये.

या सगळ्यात दोनच नियम पाळावयाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर पाहायचे. चार वायरी एकदम काढल्या आणि यंत्र सुरू झाले, तर रोग कोणता होता ते कळत नाही. पुढच्या खेपेस पुन्हा चाचपडणे आलेच. दुसरा नियम नोंदवहीचा. काय दिसले, काय ऐकू आले, काय केले, त्याने काय झाले, हे तारखेनिशी लिहावे. पडद्यावरच्या ओळीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. कारागीर आला की त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि आपले पैसेही वाचतात. आणि यंत्र चालू असतानाच जपण्यासारख्या फायलींची एक प्रत निराळ्या पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. दर शनिवारी शाळा सुटताना पाच मिनिटे दिली तरी पुरे. हे मी केले असते तर आज आईच्या ओव्या माझ्याजवळ असत्या.

त्या दिवशी शाळेतून निघण्यापूर्वी मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार प्रश्न लिहून दिले. दिवा लागतो काय? पंखा फिरतो काय? पडद्यावर अक्षरे येतात काय? विंडोजची खूण दिसते काय? बाईंनी तो पुठ्ठा संगणकामागच्या भिंतीवर लावला आणि शेजारी दोऱ्याने एक वही बांधली.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. "सर, परवा पडदा काळा झाला होता. मी वर कळवायला निघाले होते. पण सहावीच्या मुली म्हणाल्या, बाई थांबा, आधी वही काढू. मॉनिटरची केबल ढिली होती. त्यांनीच बसवली, आणि वहीत लिहून ठेवलंय."

भरतकामाचा तो रुमाल आता कोठे आहे, ते मात्र विचारायचे राहिले.